एकट्याला चहा नाही

चहा करणारी माणसं जगात पुष्कळ आहेत आणि पिणारी त्याहून जास्त; पण वाफाळत्या चहासमोर सगळी संध्याकाळ बसून त्याला ओठही न लावता उठून जाणारा माणूस अख्ख्या रत्नागिरीत एकच. ते म्हणजे आमच्या कॉलेजच्या प्राध्यापक क्लबचे चिटणीस. पदार्थविज्ञान शिकवून ते कधीच निवृत्त झाले, चिटणीसपदावरून निवृत्त व्हायचं मात्र राहून गेलं. दर वर्षी निवडणूक होते, दर वर्षी एकच अर्ज येतो, त्याची छाननी ते स्वतःच करतात आणि फळ्यावर खडूने ठसठशीत अक्षरात 'बिनविरोध' असं लिहून अभिनंदन स्वीकारायला खुर्चीत जाऊन बसतात. अभिनंदन करायला अलीकडे मी एकटीच असायची. मी प्राणिशास्त्र शिकवते. मूळची मिरजेची, नोकरीसाठी इकडे आले, लग्न जमलं नाही की मी जमू दिलं नाही हे आता नीट आठवत नाही, आणि भाड्याच्या दोन खोल्यांत राहता राहता केस पांढरे झाले. बायकांना क्लबाचं सभासद करावं का यावर एकेकाळी मोठी चर्चा चालू होती म्हणे. ती चालू असतानाच मी आत जाऊन खुर्चीवर बसले. पुढे चर्चेचं काय झालं ते कुणी मला कळवलं नाही.

क्लब म्हणजे जिमखान्याच्या मागची जांभ्या दगडाची एक खोली. आत एक कॅरम, पत्त्यांचं हिरवं टेबल, वेताच्या खुर्च्या आणि भिंतीवर माजी प्राचार्यांचे फोटो, सगळे जणू नुकतीच उत्तरपत्रिका तपासून उठल्यासारखे. या खोलीचा इतिहास चिटणीसांना तोंडपाठ होता आणि तो ऐकल्याशिवाय नव्या माणसाला ते पंखासुद्धा लावू देत नसत. त्या इतिहासातलं सगळ्यांत मोठं प्रकरण खिडकीचं. कला शाखेच्या लोकांना समुद्राचा वारा हवा, म्हणून खिडकी उघडी. रसायनवाल्यांचे पत्ते वाऱ्याने उडत, म्हणून खिडकी बंद आणि पंखा चालू. शिवाय त्या वाऱ्याबरोबर मिरकरवाडा बंदरावरच्या सुक्या मासळीचा वास थेट टेबलावर येई. पंखेवाल्यांची तक्रार हीच होती आणि खिडकीवाल्यांचं म्हणणं असं, की आम्ही येतो तो त्या वासासाठीच. दोन्ही पक्ष एकमेकांशी बोलेनासे झाले. शेवटी चिटणीसांनी तोड काढली : एक दिवस खिडकी, एक दिवस पंखा, आणि शनिवारी खिडकी अर्धी नि पंखा हळू. हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर असा भाव असे, की जणू त्यांनी दोन देशांतलं युद्ध थांबवलंय.

त्या काळी म्हणे खुर्ची मिळायची नाही. देशावरून आलेले एकटेदुकटे मास्तर शेवटची घंटा झाली की थेट क्लबात येत आणि खानावळीची वेळ होईपर्यंत हलत नसत. मी आले तेव्हाही निदान पत्त्यांचा एक डाव रंगायचा. मग एकेक करून लोक निवृत्त झाले, मुलांकडे गेले, काही फोटोत गेले. नवीन येतात ते बहुतेक तासिका तत्त्वावर. सकाळी इथे तास, दुपारी दुसऱ्या कॉलेजात, पाठीवर पिशवी आणि हातात हेल्मेट. त्यांची नावं कळेपर्यंत वर्ष संपतं. त्यांना क्लब कुठे आहे हेही ठाऊक नसतं, आणि ज्यांना ठाऊक असतं ते म्हणतात, "मॅडम, आपला व्हॉट्सॲपवर ग्रुप आहे की!"

तरी चिटणीस रोज येत. भाट्याच्या पुलापलीकडच्या घरून रिक्षाने, काखेत चहाचा थर्मास घेऊन, कारण कॉलेजचं कँटीन आता दुपारीच बंद होतं. दाराकडे तोंड करून बसायचे, म्हणजे फाटकापासूनची पायवाट दिसते. समोर दोन कप उपडे मांडायचे. आणि इथे तो प्रसिद्ध नियम यायचा : क्लबात एकट्याला चहा नाही. दोन सभासद बसल्याशिवाय थर्मासचं झाकण उघडायचं नाही. "संस्थापकांनी घालून दिलेला दंडक आहे, मॅडम," ते म्हणत. "आपण कोण मोडणारे?" माझं प्रॅक्टिकल लांबलं की मी धावतपळत जायची, तर हा गृहस्थ थर्माससमोर शांत बसलेला. मी कितीदा सांगितलं, "अहो, माझी वाट बघू नका, घेत जा." तर म्हणत, "वाट कोण बघतंय? मी नियम पाळतोय."

क्लबात एक मांजर येऊन बसायची. मी एकदा सुचवलं, हिलाच दुसरी सभासद धरा. त्यांनी चष्मा काढून गंभीरपणे विचार केला आणि निर्णय दिला, "ती चहा घेत नाही. तिला फार तर निरीक्षक म्हणता येईल." कॅरम मात्र ते एकटे खेळत. एका बाजूने सोंगटी मारायची, उठून पलीकडच्या खुर्चीत जायचं, तिकडून मारायची. मी एकदा दारातून पाहत उभी राहिले, तर पलीकडच्या खुर्चीत बसून ते इकडच्या रिकाम्या खुर्चीला म्हणत होते, "वा! राणी छान घेतलीत." मला हसू आलं आणि ते अर्ध्यावर राहिलं. मी मुद्दाम चपला वाजवत आत गेले. ते लगबगीने आपल्या खुर्चीत येऊन बसले आणि त्यांनी थर्मास उघडला.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. एका संध्याकाळी मी पोचले तर कप आधीच भरलेले. चिटणीसांसमोर एक तिशीतला माणूस पिशवी मांडीवर घेऊन अवघडून बसला होता आणि खिडकीचं प्रकरण ऐकत होता. चिटणीसांचा चेहरा नुसता फुलला होता. "मॅडम, हे नवे! तासिका तत्त्वावर आलेत. बांधकाम विषय." मी म्हटलं, "आपल्याकडे बांधकाम कधी सुरू झालं?" ते म्हणाले, "आजकाल काय, कुठलाही कोर्स सुरू होतो." तेही खरंच. परवाच आमच्या शेजारच्या वर्गात केक करण्याचा कोर्स सुरू झाला होता.

तो माणूस दोन दिवसांनी पुन्हा आला. मग पुन्हा. चहा झाला की खिशातून टेप काढायचा, भिंतीला लावायचा, कागदावर काहीतरी लिहायचा आणि नमस्कार करून जायचा. "अभ्यासू आहे," चिटणीस म्हणाले. "येता-जाताही प्रात्यक्षिक सोडत नाही." मला शंका आली होती, पण त्यांच्या आनंदावर पाणी टाकायला जीभ रेटेना. अखेर त्याचंच मन त्याला खाऊ लागलं. एक दिवस कप तसाच ठेवून तो म्हणाला, "सर, मी मास्तर नाय हो. हातखंबा गावचा मी. ठेकेदाराकडे कामाला हाय. ही खोली मोजायला येतंय मी. कॉलेजचा सर्व्हर बसवायचाय हिकडे. पहिल्याच दिवशी माप झालं होतं. पण चहा दिलात, बसवलात, म्हणून साहेबाला सांगितलं, भिंत वाकडी हाय, परत जायला लागंल." एवढं बोलून तो खाली मान घालून बसला.

मी चिटणीसांकडे बघितलंच नाही. पंख्याचा दिवस होता, तेवढाच आवाज. मग ते म्हणाले, "म्हणजे काम सुरू झाल्यावर तुम्ही रोज येणार?"

"व्हय सर. रोज यायला लागंल."

"बरोबर माणसं असतील?"

"सुतार, वायरमन... असतील की."

"मग मला मोठा थर्मास आणावा लागेल," चिटणीस म्हणाले. "चहा घ्या, गार होतोय."

आणि खरं सांगते, क्लबाचे शेवटचे दिवस इतके भरलेले मी आयुष्यात पाहिले नव्हते. फळ्या कापणारे सुतार, शिडीवरचा वायरमन, लादीवाले, सगळे संध्याकाळी हात धुऊन वेताच्या खुर्च्यांवर बसत आणि चिटणीस त्यांना इतिहास सांगत. वायरमन कडवा खिडकीवाला निघाला. सुताराने पत्त्यांत आम्हा दोघांना धुऊन काढलं. फोटोतले प्राचार्य खाली उतरवून भिंतीशी टेकून ठेवले होते, त्यामुळे तेही बैठकीला आल्यासारखे वाटत. एका कोपऱ्यात क्लब मोडला जात होता आणि दुसऱ्या कोपऱ्यात भरत होता. मग काम संपलं. सर्व्हरला गार हवा लागते म्हणून खिडकी कायमची बुजवून वर यंत्र बसवलं. पंखेवाले शेवटी जिंकले, पण ऐकायला त्यांच्यातला एकही उरला नव्हता. दाराला आकड्यांचं कुलूप आलं. चिटणीसांनी फळ्यावर लिहायला खडू काढला, फळा नाही हे लक्षात आलं, आणि तो परत खिशात घातला.

त्यानंतर ते आलेच नाहीत. पहिले काही दिवस शेवटची घंटा झाली की माझे पाय आपोआप जिमखान्याकडे वळत आणि त्या कुलपापाशी थांबत. फोन केला तर म्हणत, "मजेत आहे, मॅडम." मजेत असणारा माणूस इतक्या चटकन मजेत आहे असं म्हणत नाही. एक दिवस रिक्षा केली आणि पूल ओलांडून गेले. त्यांचं घर माडांच्या वाडीत, एकटं. फाटकाचा आवाज झाला नि बघते तर पडवीत, दाराकडे तोंड करून, चिटणीस बसलेले. पुढ्यात टेबल, त्यावर थर्मास, दोन कप उपडे.

"कुणी यायचं होतं का?" मी विचारलं.

"नाही हो. कोण येणार?"

"मग हा चहा?"

"करतो रोज. अंधारलं की माडाच्या बुंध्याशी ओततो." ते जरा लाजल्यासारखे हसले. "हा बघा, त्याला चांगलाच मानवलेला दिसतो."

मला रागच आला. "सर, आता क्लब नाही, सभासद नाहीत. निदान स्वतःच्या घरात तरी संस्थापकांचा नियम सोडा!"

"कसले संस्थापक घेऊन बसलात," ते म्हणाले. "ते उभ्याउभ्या चहा ढोसून बॅडमिंटनला पळायचे. तो नियम माझा. ही गेली त्या वर्षीचा. कॉलेजातून आलो की ही चहा द्यायची नि समोर बसायची. बोलायची असंही नाही. बसायची. ती गेल्यावर पहिल्यांदा मी एकट्याने चहा केला आणि ओट्याशी उभं राहून प्यायलो. मॅडम, बाकी सगळं मी सोसलं हो, तो कप नाही सोसला. दुसऱ्या दिवशी क्लबात गेलो आणि ठराव मांडला."

"आणि मंजूर झाला?"

"सगळे आले होते मला भेटायला. खिडकीवाले, पंखेवाले, सगळे. कुणी कारण विचारलंच नाही. एकमताने मंजूर. क्लबाच्या इतिहासात एकमताने झालेला तो एकच ठराव."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी लपवलं नाही, लपवण्यात अर्थही नव्हता. मी समोरच्या खुर्चीत बसले. त्यांनी झाकण उघडलं.

आता मी जमेल तेव्हा जाते. हातखंब्याचा तो माणूसही बाजाराला आला की मोटरसायकल वळवतो आणि टेप नसतानाही पडवीची भिंत वाकडी असल्याचं जाहीर करतो. पण येत्या उन्हाळ्यात मी निवृत्त होतेय. मिरजेला एक छोटा फ्लॅट घेऊन ठेवलाय. शेजारी कोण आहे हेही मला ठाऊक नाही. चिटणीसांना हे कसं सांगावं, माझ्यामागे यांचा कप कोण सुलटा करणार, या विचाराने मी महिनाभर तोंड उघडलं नव्हतं. परवा शेवटी सांगितलं. ऐकून त्यांनी माडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. वाटलं, आता म्हणतील, माझं कसं होणार?

"मिरजेला संध्याकाळी तुमच्यासमोर कोण बसेल?" त्यांनी विचारलं.

मी रिकामा कप खाली ठेवला. त्यांनी तो पुन्हा भरला.