टाकीवरची ओली चिंधी

पाण्याची मला भीती वाटते हे मी कुणाला सांगत नाही. बाईंनी घाबरायचं नसतं. धरणाच्या पाण्यावरून रोज नावेनं शाळेत शिकवायला जाते आणि रोज मधल्या फळीवर दोन्ही हातांनी कड घट्ट धरून बसते.

नाव चालवणारे अण्णा आमच्याच गावचे, साठीला आलेले. नावेला डिझेलचं जुनं इंजिन, इंजिनावरच टाकी. टाकीचं झाकण कधीच हरवलेलं, त्याजागी चिंधीचा बोळा.

खंडेनवमीला आमच्याकडे विळ्यापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळं धुऊन पुजतात. एका वर्षी अण्णा हार आणायला गेले आणि मी नाव धुवायला घेतली. दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायची माझी जुनी खोड. इंजिनावरचा तेलकट थर मला बघवेना. दोन बादल्या भरून वरूनच ओतल्या. आठ वर्षांची लेक शेजारी उभी राहून हळदीकुंकवाची बोटं उमटवत होती.

दुसऱ्या दिवशी दसरा. पलीकडच्या काठावर माझं माहेर, म्हणून लेकीला घेऊन सोनं द्यायला निघाले. नावेत आम्ही तिघंच. पाऊस चांगला झालेला, धरण तुडुंब, दोन दरवाजे उघडलेले. मध्यावर इंजिनानं दोन आचके दिले, पांढरा धूर सोडला आणि बंद पडलं. मग फक्त दरवाजांतून पडणाऱ्या पाण्याचा आवाज उरला.

अण्णांनी बांबू खाली सोडला, तळ लागला नाही. वारा दरवाजांकडेच वाहत होता.

"अण्णा, आपण तिकडं जायलोय का?" लेकीनं विचारलं.

ते बांबू आत ओढून इंजिनाशी वाकले. तरंगायचं जॅकेट नावेत एकच होतं, ते तिच्या अंगात. मला पोहता येत नाही. नाव उलटली तर ही वर राहील आणि आईला बुडताना बघेल, एवढंच डोक्यात फिरत होतं.

"बाई, पोरीची बाटली द्या."

फिल्टरखालचा नट सोडून अण्णांनी धार रिकाम्या केलेल्या बाटलीत धरली. बाटली उन्हात उंच केली. वर पिवळसर डिझेल, खाली निव्वळ पाणी.

"टाकीत पाणी गेलंय," ते म्हणाले.

लेकीनं माझ्याकडे पाहिलं. मी दरवाजांकडे पाहिलं. खरं सांगते, त्या क्षणीसुद्धा मला बुडण्याइतकीच लाजेची भीती वाटत होती.

बाटली भरली, ओतली, पुन्हा भरली. पाणी संपेचना. दरवाजाच्या खांबावर रंगवलेले आकडे आता वाचता येत होते. शेवटी बाटलीत नुसतं डिझेल आलं. पाइपातली हवा बुडबुड करत निघाली, अण्णा ओरडले, "आवळा!" आणि मी नट आवळला. त्यांनी हँडल मारलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा त्यांचा पाय घसरला, गुडघा फुटला. चौथ्यांदा इंजिन धडधडलं. मी लेकीला इतकं आवळून धरलं की ती रडायला लागली.

काठावर उतरल्याबरोबर मी सांगून टाकलं. "अण्णा, काल इंजिनावर पाणी मीच ओतलं."

"माहीत हाय की," ते गुडघ्यावरचं रक्त पुसत म्हणाले. "सकाळीच चिंधी ओली दिसली. थोडं पाणी काढलो, वाटलं भागंल."

"मग बोलला कामून न्हाईत?"

"सणाचं तुम्ही एवढ्या भक्तीनं धुतलात. बाईला कसं म्हणायचं, चुकलात म्हणून?"

मला संताप आला, पण कुणावर काढायचा ते कळेना. त्यांनी माझा मान राखला होता आणि भर पाण्यात मीही माझाच मान राखत बसले होते. दोघांच्या मधे माझी लेक होती.

नारिंगी जॅकेट तिनं काढू दिलं नाही. अण्णा म्हणाले, राहू द्या. माहेरी पुरणपोळी खायला बसली तेव्हाही ते तिच्या अंगात होतं.