वसूलबाईची काकू

भरलेल्या फीतली एकही पेनी विद्यापीठाकडं राहू द्यायची नाही, असा पण करूनच ती पोरगी ग्लासगोला आली होती. स्टुडंट सेंटरमध्ये तलाव होता, म्हणून ती पोहायला शिकली. डोंगर चढायचा क्लब होता, म्हणून पावसात डोंगर चढून शिंकत परत आली. प्रार्थनेच्या खोलीत बुधवारी सूप फुकट मिळायचं, तर तिथं जाऊन 'आमेन'सुद्धा म्हणून आली. "फीमध्ये आहे ना काकू, मग सोडायचं काहून?" हे तिचं ठरलेलं वाक्य. मी मनातल्या मनात तिचं नाव वसूलबाई ठेवलं होतं. एकदा चुकून तोंडावर म्हणून गेले, तर इतकी हसली, की ओल्या फरशीवरून घसरली.

ती फरशी माझी. म्हणजे विद्यापीठात फरशा पुसायची मी. नवरा हॉटेलात कुक, त्याच्या व्हिसावर मी आलेली. चिपळूणजवळच्या गावात आठवीत शाळा सुटली ती सुटलीच. घरी इंग्रजी पत्र आलं, की पाकीट उघडायच्या आधी इथनं हाकलतायत की काय, हाच पहिला विचार. मोराग आमची सुपरवायझर. सगळ्या बायकांना ती 'हेन' म्हणायची, तिकडं मायेनं तसंच म्हणतात. मला कामावर घेताना तिनं शिक्षण विचारलंच नाही. त्या उपकाराखाली मी आजही आहे, आणि त्या उपकारानंच मला भित्रंही केलं. मिळालेलं काम आपल्या हातून जाऊ नये, एवढं एकच मला कळायचं.

पोरीची ओळख झाली ती बादलीमुळं. भरलेली बादली लवंडली आणि माझ्या तोंडून "मेली कटकट!" निघालं. समोरून चाललेली जीन्समधली पोरगी गर्रकन वळली. "बाप्पा! मराठी?" तिनं माझ्या हातातला मॉप घेतला आणि अर्धा कॉरिडॉर पुसून टाकला, तोंडाची टकळी चालूच. नागपूरची, एमएस्सी करायला आलेली. मी कोकणातली आणि मला पोहता येत नाही, हे कळल्यावर म्हणाली, "पाण्यात राहून काय करून राहिल्या होत्या तुम्ही? नुसते मासे खाल्ले?"

तिच्याकडं एक पत्रक होतं. तुमच्या फीतून अभ्यासाखेरीज काय काय मिळतं, त्याची यादी. एकेक गोष्ट झाली, की ती पेन्सिलनं बरोबरची खूण करायची. त्यात एक ओळ होती परदेशी विद्यार्थ्यांच्या घरच्यांसाठी फुकट इंग्रजी बोलायच्या वर्गाची. तिच्या घरचं तिथं कोणीच नव्हतं. ती ओळ रिकामी राहते हे काही तिला सहन होईना.

"तुम्ही चला."

"अगं, मी तुझ्या घरची कुठं?"

"काकू म्हणते ना तुम्हाला? मग झालं."

वर्गाच्या फॉर्मवर तिनं माझं नाव लिहिलं, नात्याच्या रकान्यात 'आंटी' लिहिलं, आणि मला सही करायला लावली. सही करून झाल्यावर मी विचारलं, "हे खोटं तर नाही ना गं?" "खोटं कसं होईल? नागपुरात अर्ध्या गल्लीला मी काकूच म्हणते!"

दर मंगळवारी शिफ्ट संपली, की आम्ही वर्गाला जायचो. मी तोंड उघडायची नाही. ती कोपरानं ढोसायची. "बोला ना. चुकलं तर चुकलं. चुकासुद्धा फीमध्येच आहेत." ते पत्रकही तिनं मलाच देऊन टाकलं, अक्षरं लावून वाचायचा सराव करायला.

ख्रिसमसच्या सुट्टीनंतर ती गप्प झाली. तलावावर दिसेना. वर्गाला यायची, पण ढोसायची नाही. मग एका सकाळी दुसऱ्या मजल्यावर, समुपदेशन करणाऱ्या बाईंच्या दाराबाहेर निळी खुर्ची असते, तिच्यावर बसलेली दिसली. पत्रकात खूण न झालेली तेवढी, समुपदेशनाची, एकच ओळ उरली होती. मी तिच्या पायांशी मॉप नेला, तिनं लहान मुलासारखे पाय वर उचलले. मी पुसून पुढं गेले. वळून पाहिलं, तर खुर्ची रिकामी आणि दार बंदच.

असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा मी म्हटलं, "आत जा की. फीमध्ये आहे ना?"

"एवढं नाही वसूल केलं तरी चालते काकू." मग खाली बघून म्हणाली, "दोन पेपर गेले माझे. बाबा रोज फोनवर विचारतात आणि मी रोज मस्त चाललंय सांगते. रूममधून बाहेर पडायचंच जिवावर येतं. तुम्ही कोणाला सांगू नका."

नाही सांगत, म्हटलं. आठवी शिकलेल्या बाईनं एमएस्सीवाल्या पोरीला आणखी काय सांगायचं? दार दोन पावलांवर होतं. मला ते वाजवता आलं असतं.

त्यानंतर दहा-बारा दिवस ती कुठंच दिसली नाही. आणि एका सकाळी हिरवं स्वेटर घातलेली एक बाई फाइल घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. विद्यार्थ्यांची काळजी घेणाऱ्या ऑफिसातली. तिनं पोरीचं नाव घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "तुम्ही तिच्या आंटी ना?"

तिच्या फाइलीत तो फॉर्म होता. माझी सही मला उलटी दिसत होती. खोटी सही, नोकरी, व्हिसा, नवऱ्याचं तोंड, सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं. पोरगी तेवढी आली नाही.

"नो," मी म्हटलं. "आय क्लीनर."

अख्ख्या वर्गात माझं इतकं स्पष्ट इंग्रजी कधी निघालं नव्हतं. बाईनं मान डोलावली, थँक्यू म्हणाली, आणि पेननं एक ओळ खोडली.

त्या बाईला जे कळायला हवं होतं, ते त्या इमारतीत फक्त मला ठाऊक होतं. उद्या सांगू, परवा सांगू, असं म्हणत मी राहिले. मंगळवारचा वर्गही भीतीनं सोडला. तीन आठवड्यांनी मोराग म्हणाली, "ती तुझी हसरी पोरगी गेली, हेन. वडील येऊन घेऊन गेले. त्यांचा हात धरून चालत होती म्हणे, लहान मुलीसारखी." यापलीकडं तिलाही माहीत नव्हतं. कॉलिंग कार्ड खरवडून घरी फोन करायचे ते दिवस. तिचा नंबर असता तर केला असता. नागपुरात मी कुणाला शोधणार? फॉर्मवर तिचं आडनाव होतं, पण तेव्हा मला ते वाचता येत नव्हतं.

खूप दिवसांनी मी मोरागला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अगं, तो वर्ग स्टाफलाही खुला होता. तुला कुणी काही म्हटलं नसतं."

त्या वाक्यानंतर मी परत वर्गात गेले. पत्रक अजून माझ्याकडं आहे, आणि आता मला ते सगळं वाचता येतं, ती शेवटची ओळसुद्धा. मी त्या ओळीसमोर खूण केलेली नाही. ती माझी खूण नव्हे.

निळी खुर्ची तिथंच आहे. कुणी नसलं, तरी तिच्यापाशी आल्यावर मी क्षणभर थांबते. कुणीतरी पाय वर उचलेल, मग पुसू, असं वाटतं. आणि ऑफिसातलं कुणी एखाद्या पोरीचं नाव घेऊन विचारायला आलं, की हिला ओळखतेस का, तर मी आधी 'हो' म्हणते. मग ती कोण, ते शोधायला जाते.