विहिरीतून काहीही काढू नये

विहिरीच्या तळाशी साचलेल्या गाळाचा वास कुजका नसतो, पुरातन असतो. गळून पडलेली पाने, कबुतरांची पिसे, कधीकाळी हातून निसटलेल्या घागरी आणि वर्षानुवर्षे आत पडत राहिलेले ऊन यांचा तो एकवटलेला गंध नाकात शिरला की माणसाला स्वतःच्या जन्माआधीचेही काहीबाही आठवू लागते. त्या दिवशी मला माझ्या पणजोबांचे लग्न आठवले. वरणात मीठ कमी पडले होते, इथपर्यंत.

पेडगावच्या शिवारातली ती विहीर माझ्या दोन मामांची होती, आणि सारा तंटा त्या ‘दोन’ या शब्दातच होता. विहीर थोरल्या मामांच्या रानात, पण काळा पाषाण फोडून खोदली ती धाकट्या मामांनी. तेव्हा पाणी जमिनीचे की घामाचे, हा प्रश्न दोघांनी तहसिलीत नेऊन टाकला होता आणि तहसिलीने तो लोणच्यासारखा मुरत ठेवला होता. तोवर वैशाख आला, मोट तळाला लागून चिखल चाटू लागली, आणि गाळ काढून झरा मोकळा करावा एवढ्यापुरते दोघे भाऊ एका तोंडाने बोलले. मला दोघांनी वेगवेगळे गाठून एकच वचन दिले : झरा फुटला तर दर आठव्या दिवशी अर्धा दिवस पाणी माझ्या मिरचीला. माझी मिरची तेव्हा अशी वाळली होती की रोपांची सावलीसुद्धा पडत नव्हती. मी दोराला धरून उतरलो. मामा-भाच्यांनी एका नावेत बसू नये म्हणतात. एका विहिरीबद्दल शास्त्र काही बोलत नाही, ही शास्त्राची चूक.

ऊन डोक्यावर आले तेव्हा माझी पहार खडकाच्या एका सांध्यात रुतली आणि आतून असा सूत्कार आला की पृथ्वीने सुस्कारा टाकल्यासारखे वाटले. मग धार आली. तिने मला उताणे पाडले. पाणी इतके गार की माझ्या दोन दाढा त्या दिवसापासून ठणकताहेत. मी वर पाहून आनंदाने हाक मारली, तर वरच्या आभाळाच्या ताटलीत दोन मामांच्या मधोमध तिसरे डोके, टोपीसकट. परभणीहून तहसिलीचा चपराशी आला होता, आणि मुरलेल्या लोणच्याची पहिली फोड घेऊन आला होता. हुकूम उर्दूत होता. त्याचा सारांश त्याने आम्हाला सांगितला : निकाल लागेपर्यंत या विहिरीतून कोणी काहीही काढू नये.

थोरल्या मामांचा हात दोराकडे गेला, तो धाकट्या मामांनी वरचेवर धरला. सरकारी माणसासमोर जो पहिल्यांदा या विहिरीतून काही ओढील त्याची वहिवाट सिद्ध होईल, मग ते पाणी असो की भाचा, असे त्यांचे म्हणणे. थोरल्यांना हे इतके पटले की त्यांनीही धाकट्यांचा हात धरला. चपराशाने दोघांचा वाद मिटवला.

“कागज में साफ है, मियाँ. बावली में से कुछ भी निकालना नक्को.”

त्यानंतरचा काळ मी मोजला नाही. काळ मला मोजत होता. भिंतीवरून ऊन एकेक दगड सोडत वर चढत गेले, शेवाळाचा हिरवा रंग आधी निळा आणि मग काळा झाला, कपारीतले एक कबूतर सहज उडून त्या ताटलीबाहेर गेले आणि त्याच्या पंखांचा आवाज मात्र बराच वेळ माझ्यापाशी राहिला. पाणी घोट्यावरून गुडघ्यावर आले. मीच फोडलेला झरा, माझ्याच मिरचीसाठी मागितलेले पाणी, आणि ते इंचाइंचाने मलाच कोंडीत धरत होते. पारावर सांगताना मी ते गळ्यापर्यंत आणतो. लिहिताना माणसाला लाज असते, म्हणून कमरेवर थांबतो. वर दोन्ही मामा एकमेकांचे हात धरून उभे होते. त्यांना इतके जवळ मी त्यापूर्वी कधी पाहिले नव्हते.

मग मेंढरांचा आवाज आला आणि काठावरून एका धनगरणीने वाकून पाहिले. काय झाले ते तिने विचारले, ऐकले, आणि लुगड्याचा काचा घट्ट केला.

“तुमच्या पान्यात माझा वाटा न्हाई. म्या वढलं तर कुनाचं काय जायलंय?”

मामांना यात खोट सापडेना. चपराशाला सापडली : माणूस निघेल, पण त्याच्या कपड्यांत पाणी आहे, त्याचे काय? म्हणून मला धोतर, बंडी आणि मुंडासे आतच पिळून सरकारचे पाणी सरकारजमा करावे लागले. शेवटचा थेंब पडल्याची त्याची खात्री पटली, तेव्हा त्या बाईने आडमुठा मेंढा ओढावा तसे मला एकट्याने वर ओढले. तिच्या तळव्यांना दोराने काढलेले लाल वळ मी पाहिले.

मेंढरे काठाशी दाटली होती; आतल्या पाण्याचा वास त्यांना आला होता. तिने दोन घागरी पाणी मागितले. दोन्ही मामा एकाच श्वासात नाही म्हणाले. आज दिले तर उद्या तिचीही वहिवाट. मग तिने माझ्याकडे पाहिले. झरा मी फोडला होता, एवढे तिला कळले होते. एक शब्द बोललो असतो तर कदाचित दोघे विरघळले असते, किंवा दोघांनी माझा आठवा दिवस काढून घेतला असता. माझ्या डोळ्यांसमोर मिरची होती.

“मावशे, माझा वाटा असता तर...” मी पुटपुटलो.

“असू द्या,” ती म्हणाली. तिने एक कोकरू काखेत घेतले. “तुमी वर आलाव न्हवं?”

मी हो म्हणालो. मेंढरे नदीच्या वाटेने धूळ उडवीत लांब गेली, माझ्या अंगावरचे पिळलेले कपडे उतरत्या उन्हात वाळत राहिले, आणि आपण वर आलो, हे तेव्हा मला खरेच वाटले होते.