पाळीपाळीने खेळलेले जपानी खेळ

नव्वदच्या दशकात सुरतेत मी आणि माझा थोरला भाऊ एकाच खाटेवर झोपायचो, पण एका वेळी नाही. तो रातपाळीला गेला की खाट माझी, मी दिवसपाळीला गेलो की त्याची. पाळ्या बदलल्या की उलट. नवागामच्या त्या चाळीत बहुतेक खोल्यांचा हाच रिवाज होता, त्यामुळे कुणाला त्यात काही वेगळं वाटायचं नाही. मला त्याने उबवून ठेवलेली गोधडी मिळायची, उशीला त्याच्या डोक्याच्या तेलाचा वास मिळायचा. भाऊ तेवढा मिळायचा नाही. दारात गाठ पडलीच तर "भाजी झाकेल शे" एवढं बोलून तो चपला सरकवायचा.

आम्ही दोघं धुळ्याकडचे. दोघंही कापड विणायच्या मागावर, पण कारखाने वेगळे. दिवसभर किंवा रात्रभर त्या खडखडाटात उभं राहिल्यावर माणसाला बोलायचीही इच्छा उरत नाही. कान भरलेले असतात आणि पाय दगड झालेले असतात. तरुणपण म्हणतात ते हेच असेल, तर मला त्याचं कौतुक कधी कळलं नाही.

शेजारच्या खोलीतला गडी कामरेजला निघून गेला, तेव्हा जाताना त्याने त्याचं टीव्हीवर खेळायचं मशीन आम्हाला देऊन टाकलं. सोबत दोन रिमोट आणि चपट्या कॅसेटींची पिशवी. आमच्याकडे जुना काळा-पांढरा टीव्ही होताच. कॅसेटींवर जपानी अक्षरं होती, आम्हाला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण थोड्या दिवसांत माझ्या लक्षात आलं की वेगवेगळ्या कॅसेटी लावल्या तरी सुरुवातीला पडद्यावर शिक्का एकच येतो. म्हणजे हे सगळे खेळ एकाच कंपनीचे होते.

त्या कंपनीचं मला फार नवल वाटायचं. एका कॅसेटीत विमानांची लढाई, दुसरीत भुतांनी भरलेला वाडा. एकीत फुटबॉल, एकीत नुसत्या फरशा जुळवत बसायचं, एकीत बोटीत बसून मासे पकडायचे. एकीत तर एक म्हातारा भाजीचा मळा राखत होता आणि त्यावर डुकरं चालून येत होती. ज्यांनी विमानं पाडली त्यांनाच हा म्हातारा कसा सुचला असेल? आमच्या कारखान्यात बाराही महिने एकच माल निघायचा, बिनरंगाचं कोरं कापड. त्याला रंग चढायचा तो पलसाण्याकडच्या गिरण्यांत, आमच्या नजरेआड. कंटाळा आला म्हणून उद्या दुसरं काही विणू, अशी सोय आम्हाला नव्हती.

पण खेळताना आम्ही जे केलं ते मागवाल्यांनीच करावं. पाळी बदलताना माग बंद करत नाहीत. जाणारा कारागीर चालत्या मागावरून हात काढतो आणि येणारा तिथेच हात घालतो. आम्हाला तीच सवय. भाऊ कामाला निघताना खेळ थांबवायचं बटण दाबून ठेवायचा, मशीन तसंच चालू. मी आलो की तो जिथे सोडून गेला तिथून पुढे. मशीन तापायचं, खोलीत जळकट वास सुटायचा, तरी बंद करायला हात धजायचा नाही. दुसरी माणसं रोज नव्याने सुरुवात करून खेळतात, त्यातच मजा असते, हे आमच्या डोक्यात शिरलंच नाही.

"मी त्याले नदीलगून आणेल शे, बंद नको करजो," भाऊ दारातून ओरडायचा. मागावर राहून तो सगळंच ओरडून बोलायला लागला होता.

आमच्या भागातल्या कारखान्यांना आठवड्यातून एक दिवस वीज नसायची आणि तीच आमची सुट्टी. खोलीची लाइनही कारखान्याचीच, त्यामुळे त्या दिवशी खेळ मरायचा. दुसऱ्या दिवशी आम्ही नवी कॅसेट लावायचो. असे करत करत त्या कंपनीचे बरेचसे खेळ आम्ही अर्धे-अर्धे खेळलो. दोघं मिळून खेळायचे खेळही पिशवीत होते, पण ते तसेच पडून राहिले. दोघं घरी असायचो तेव्हा लाईट नसायची, आणि लाईट असायची तेव्हा आमच्यातला एक मागावर.

मग भावाला पलसाण्याच्या रंगाईच्या गिरणीत काम लागलं, राहायची सोय तिथेच. त्याला आनंद झाला होता. "तठे रंग तरी शे," असं म्हणून तो हसला. मला मात्र काही सुचेना. एका खोलीत राहून मी या माणसाशी धड एक दिवस घालवला नव्हता आणि आता तो चालला होता. तो जायच्या आधी त्याच्या शेजारी बसून एक खेळ खेळायचा, एवढंच मी मनाशी धरलं. यापेक्षा मोठं काही मागायची आमची ऐपतही नव्हती.

आमचा मामेभाऊ रेल्वेफाटकापलीकडे राहायचा. त्याच्या भागाची सुट्टी दुसऱ्या वारी, शिवाय त्याच्याकडे रंगीत टीव्ही. तो दिवसपाळीला जाताना किल्ली शेजारी ठेवून गेला. आमच्या शेवटच्या सुट्टीच्या दिवशी भाऊ सकाळी रातपाळी करून आला, तोंडावर पाणी मारलं आणि "चाल," म्हणाला. मशीन पिशवीत घालून आम्ही दोघं सायकलने निघालो. वाटेत मी त्याला झोप घ्यायची का म्हणून विचारलं, तर त्याने मलाच वेड्यात काढलं.

मामेभावाच्या खोलीत मी तारा जोडल्या, पडद्यावर तो ओळखीचा शिक्का आला. शिक्का निळा होता. आकाश जांभळं, जमीन विटकरी, आमचे दोन गडी एक हिरवा आणि एक लाल. किती महिने आम्ही ही माणसं करड्या रंगात पळवली होती.

"हाऊ निळा व्हता का रे?" भाऊ लहान मुलासारखा म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "तू व्हय पुढे, मी उनू तुन्हा मांगे."

मी पुढे झालो. पुलावरून उडी मारली, एक राक्षस लोळवला, आणि मागे पाहिलं तर लाल गडी जागच्या जागी उभा. भाऊ भिंतीला टेकून झोपला होता. तोंड उघडं, रिमोट मांडीवरून घसरून सतरंजीवर पडलेला. मी हाक मारणार होतो. तेवढ्यात त्याच्या उजव्या हाताकडे लक्ष गेलं. अंगठा आणि बोट हलत होतं. मला बरं वाटलं, झोपेत का होईना, खेळतोय माझ्यासोबत. पण बटण दाबणारं बोट असं चालत नाही. अंगठ्याने काहीतरी ओढून घ्यायचं, बोटाभोवती फिरवायचं, चिमटीत दाबायचं, पुन्हा तेच. तो मागावरचे तुटलेले धागे सांधत होता. रात्रभर मागावर करून आला होता तेच काम, रंगीत टीव्हीच्या उजेडात, रिकाम्या हातांनी. मला रडू फुटलं. मी त्याचा हात माझ्या दोन्ही हातांत घट्ट धरला, तरी आत त्याची बोटं गाठी मारतच राहिली.