सुलतान असेतोवर

केंब्रिजला मी पीएचडी करत होते ती ऑटोमन साम्राज्यातल्या युरोपीय व्यापाऱ्यांवर. परक्या मुलखात, परक्या धर्माच्या राज्यात ही माणसं कोणत्या कायद्याच्या जोरावर राहायची, हा माझा विषय. जोर एका कागदाचा, सुलतानाच्या अभयपत्राचा. त्याच्या आधाराने ते व्यापार करायचे, आपसातले तंटे आपल्याच देशाच्या दूतापुढे मिटवायचे. गोम एवढीच की तो शब्द त्या एका सुलतानाचा. तो गेला की नव्याकडून पुन्हा मिळवायचा, आणि तोवर जीव टांगणीला.

नवरा सॉफ्टवेअरवाला, स्किल्ड व्हिसावर आलेला. पुण्याच्या कंपनीने दोन वर्षांच्या बिनपगारी रजेवर त्याची जागा राखली होती. ती संपत आली तसा तो घुटमळू लागला. "अजून सहा महिने रजा मागून बघू का?"

मी फणकारले. "अरे, चार वर्षांनी कायमचं राहता येईल असं नियमात छापलंय. इथे काय सुलतान बसलाय?"

"तू एवढी शिकलेली, तू म्हणतेस तर ठीक," म्हणत त्याने राजीनामा पाठवला.

त्याच वर्षी, २००६च्या नोव्हेंबरात, नियम बदलले. नव्याने येणाऱ्यांपुरते बदलते तर गोष्ट वेगळी. आधीपासून इथे असलेल्यांनाही ते लागू झाले. आता व्हिसा वाढवून घ्यायचा तर वयाला गुण, पगाराला गुण. तो पस्तिशीचा, वयात मार खाल्ला. तीनदा बेरीज करून पाहिली, तीनदा कमीच भरली. मग दारातून टपाल पडलं की आम्ही दोघंही असू तिथे थबकायचो.

त्याच सुमारास माझ्या गाइडने प्रकरणाचा खर्डा परत दिला. समासात पेन्सिलीने लिहिलं होतं, हे व्यापारी दर वेळी गाफील कसे राहतात ते नीट समजावून सांग. माझा संताप झाला, गाइडवर नाही, स्वतःवर. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ते पान मला आठवडाभर लिहिता आलं नाही.

शेवटी एका सकाळी त्याने पुण्याला जुन्या साहेबांना फोन लावला. मी पोळ्या लाटत होते, कान तिकडेच. "नाही सर, समजतो मी," तो दोनदा म्हणाला. मग ओट्यापाशी येऊन उभा राहिला.

"जागा भरली. विचारत होते, राजीनाम्याची एवढी घाई काय होती."

"मग?"

"सांगितलं, माझाच निर्णय होता."