एक लाख चोवीस हजारांचा फरक

यंदाच्या अक्षय्य तृतीयेच्या आदल्या रविवारी बारामतीच्या दुकानात एक लाख ब्याऐंशी हजारांचा भाव ठरत आला होता. हजर चौघे: मी, बायको, तिचा भाऊ आणि दुकानदार.

पाच स्पीकर घरी आधीच होते. प्रश्न ते चालवणाऱ्या यंत्राचा होता. रिसीव्हर एकाच डब्यात सगळं करतो, किंमत अठ्ठावन्न हजार. प्रोसेसर फक्त आवाज निवडून वेगळा करतो. त्याला ॲम्प्लिफायर निराळा. दोन्ही मिळून एक लाख ब्याऐंशी.

"दाजी, एकदाच घ्यायचं तर चांगलं घ्या," मेहुणा म्हणाला. "का पुन्हा आमालाच बोलवायचं दुरुस्तीला?"

खरं कारण माझी आई. टीव्हीवरचं बोलणं तिला उमगेनासं झालं होतं. आधी ती दर वाक्याला "काय म्हनला?" विचारायची. मग विचारणं थांबलं, आणि जेवण झालं की ती उठून आत जाऊ लागली. ती पुन्हा आमच्यात बसावी, एवढ्यासाठी ही खरेदी होती. म्हणून मी दुकानातल्या गाद्या-पडद्यांनी मढवलेल्या खोलीतल्या आवाजावर विश्वास ठेवला नाही. पाच हजार ठेव भरून दोन्ही संच अंथुर्ण्याला घरी आणले.

मेहुण्याने जोडणी केली. आईला कोणता संच चालू आहे ते सांगायचं नाही, तिने ऐकलेलं वाक्य परत म्हणायचं, असं ठरलं. दहापैकी तीन वाक्यं जमली. दुसऱ्या संचावरही तीनच. माझा चेहरा पडला.

आई म्हणाली, "आवाज लई हाय रं, पर घुमतोय. रिकाम्या कोठारात बोलल्यावानी."

आमच्या हॉलमध्ये खाली गुळगुळीत फरशी, वर स्लॅब, भिंती उघड्या. मी पेटीतल्या चार जाड गोधड्या काढल्या आणि समोरासमोरच्या भिंतींवर खिळ्यांनी टांगल्या.

"दाजी, आता लगीन हाय का घरात?" मेहुणा हसला.

मधला स्पीकर आईच्या कानाच्या उंचीला आणला आणि पुन्हा सुरू केलं. रिसीव्हरवर नऊ वाक्यं. प्रोसेसरवर नऊ. गाण्यात प्रोसेसर किंचित सरस वाटला, ते मी मान्य केलं. पण त्या किंचितासाठी एक लाख चोवीस हजार मोजायला मी तयार नव्हतो.

मग रिसीव्हरवर मालिका लावली. त्यातली सून पुटपुटली, तशी आई खदखदून हसली. आम्हा तिघांना वाक्य कळलंच नव्हतं.

"काय म्हनली?" मेहुण्याने विचारलं.

"म्हातारीला पेन्शन हाय, म्हनून ऐकून घेतीया म्हनं!" आई म्हणाली. "पावणं, तुमी कान दाखवून घ्या आता."

त्या दिवशी ती मालिका संपेपर्यंत उठली नाही. रोजच बसते.

प्रोसेसर परत गेला. ठेव वळती करून आणि घासाघीस करून रिसीव्हरचे एकूण छप्पन हजार पाचशे बारामतीच्या दुकानदाराला दिले. भिंतीवरच्या गोधड्या आता काही उतरणार नाहीत. तेव्हा थंडीसाठी नव्या चार शिवायला टाकल्या. त्यांचे चार हजार आठशे शेजारच्या काकूंना, रोख.