दारावरून वळवलेली वाट

अप्पाराव हट्टाचा माणूस. वस्तीवर कुणी विचारलं, "अप्पाराव ऐकतील का हो?" तर समोरचा आधी हसून घ्यायचा, मग उत्तर द्यायचा.

जन्म त्यांचा वाळूजच्या कंपनीत गेला. वस्ती म्हैसमाळच्या डोंगरात आणि कंपनीची बस थांबायची खाली फाट्यावर. बस चुकली की खाडा. मग डबा काखेत मारायचा आणि नाल्याच्या वाटेनं पळत सुटायचं. त्यांच्या मागं दप्तर उडवत त्यांची अमृता. शाळा फाट्यावरच होती, तिला कसली आलीय घाई! पण बापाच्या पुढं जायचं, एवढंच तिच्या डोक्यात. एके दिवशी गेलीच पुढं. बसमध्ये धापा टाकत अप्पाराव शेजारी बसलेल्या सांडूला म्हणाले, "लई पळती रं माझी पोरगी." त्या दिवशी मशीनवर एकटेच हसत होते म्हणे.

पुढं डोंगरात लांब पल्ल्याच्या शर्यती निघाल्या. शहरातले डॉक्टर, वकील रंगीत बूट घालून डोंगर चढायला लागले तशी वस्ती हसली, "ह्यांची बी बस चुकली का काय?" अप्पाराव मात्र हसले नाहीत. शर्यत भरवणाऱ्या श्रीनिवासरावांना वाट दाखवायला गेले आणि फिती बांधायचं काम गळ्यात घेऊन आले. डोंगरात पाट्या नसतात. आदल्या दिवशी झाडाझुडपांना केशरी फिती बांधत जायचं, पळणाऱ्यानं त्या बघत जायचं आणि शेवटचा माणूस गेला की त्याच्यामागून फिती सोडून आणायच्या. नियम एकच. फीत जिकडं, तिकडं जायचं. फितीची वाट सोडली तो बाद.

अमृता फिती बांधायला बरोबर असायची. तिला मात्र ते वेगळंच शिकवायचे. "गुराखी पोरं फिती काढून बैलाच्या शिंगाला बांधतेत, नायतर भलतीकडं फिरवतेत. संशय आला तर डोंगराचं ऐकायचं, फितीचं नाय."

मग गंगापूरचं स्थळ आलं. मुलगा मास्तर, माणसं चांगली, बोलणी झाली. होणारी सासू चहा पिता पिता म्हणाली, "आता ते पळणंबिळणं पुरे हं." अमृतानं कप खाली ठेवला आणि सोयऱ्यांच्या तोंडावर नकार दिला. अप्पारावांची मान खाली गेली. त्या रागात बोलून बसले, "तुझंच खरं करायचं असंल तर नीघ. पुन्हा ह्या घराचा उंबरा चढायचा नाय."

पोरगी कुणाची? त्यांचीच. बॅग उचलली, पुणे गाठलं, एका शाळेत खेळाची शिक्षिका झाली. उंबरा काही चढली नाही.

फोन यायचा तो आईला. गोजरबाई मुद्दाम आवाज मोठा करून ठेवायच्या. अप्पाराव बाजेवर पाठ करून बसायचे, कान मात्र फोनाला चिकटलेले. "जय भीम, आई. आबांचा खोकला कसाय?" "त्यांनाच इचार की." मग बोलणं पाऊसपाण्यावर जायचं. ह्या साली ती म्हणाली, "शर्यतीला येतेय गं." गोजरबाईंचा आवाजच फुटला. "मग घरी ये की, माय. माझी कंबर गेली, मला घाट उतरवत नाय. मरायच्या आधी एकदा बघू दे."

"आबा ये म्हणाले तर येते."

गोजरबाईंनी नवऱ्याकडं बघितलं. एक शब्द बोलायचा होता. अप्पाराव उठले, बाहेर गेले, शेळीपुढं उगाच पाला टाकला.

काय म्हणावं ह्या माणसाला! जीव तर इतका तुटत होता, की फाट्यावर दप्तर घेतलेली कुठलीही पोर पळताना दिसली की ती दिसेनाशी होईस्तोवर उभे राहायचे. तिचे जुने फाटके बूट अजून माळ्यावर होते, कुणाला टाकू देत नव्हते. पण तोंडातून गेलेला शब्द गिळायचा कसा?

शर्यतीच्या आदल्या दिवशी ते फिती बांधत बिब्याच्या झाडापाशी आले. इथं दोन वाटा. एक नाल्यानं सरळ खाली फाट्याकडं, शर्यत तिनंच जायची. दुसरी वस्तीला वळसा घालून, अप्पारावांच्या दारावरून, पुढं फाट्याजवळ येऊन मिळायची. अप्पाराव झाडाखाली बसले. विडी ओढली. ती उंबरा चढणार नाही, बरं. आपण ये म्हणणार नाही, तेही बरं. पण दारासमोरचा रस्ता म्हणजे काही उंबरा नव्हे! उठले आणि पुढच्या सगळ्या फिती दाराकडं वळवल्या. घरी येऊन भिंतीकडं बघत म्हणाले, "उद्या शर्यत आपल्या दारावरनं हाय."

गोजरबाई उठल्या. त्यांनी पेटीतलं भीमजयंतीचं पांढरं लुगडं काढलं.

सकाळी दारात खुर्ची टाकली. शेजारी पाण्याचा हंडा, ताटात गूळ-शेंगदाणे. अप्पाराव गोठ्याच्या कुडामागं उभे. आता लपायचं काय होतं, ते त्यांचं त्यांनाच माहीत. पहिले गडी आले, गूळ घेऊन गेले. मग चारुता नावाची शहरातली डॉक्टरीण आली, पाणी पिऊन "थँक्यू आजी" म्हणून पळाली. येईल त्याच्या तोंडाकडं गोजरबाई बघायच्या. "माझी अमृता मागं हाय का रं?" कुणी म्हणे असेल, कुणी नुसतंच हसे. जाड माणसं आली, लंगडणारी आली, अगदी शेवटचा चालत आला. त्याच्यामागं वाट मोकळी. ताटातला गूळ संपला होता.

"आली नाय वं," गोजरबाई म्हणाल्या.

अप्पारावांच्या ध्यानात आलं. फिती वळलेल्या बघून पोरीला संशय आला असणार. तिनं डोंगराचं ऐकलं असणार. आणि ती नाल्याची वाट! त्या वाटेला तिचे पाय आपसूक वळणार नाहीत तर काय होणार? सगळी दुनिया दारावरून गेली, ज्या एकीसाठी वाट वळवली तेवढी तीच नाही. स्वतःच्याच शिकवणीनं घात केला होता.

मोटारसायकलवर टांग मारून ते खाली उतरले. शर्यत संपायची त्या फाट्यावरच्या शाळेच्या मैदानात कालवा चालला होता. बायकांत अमृता पहिली आली होती, पण चारुता म्हणत होती, "ही आमच्या पुढं गेलीच नाही. फिती वस्तीकडं होत्या." अमृता लाल होऊन सांगत होती, "सर, फिती पोरांनी फिरवल्यात. वाट नाल्याचीच आहे, मी लहानपणापासून पळतेय."

"फिती म्या फिरवल्या," अप्पाराव म्हणाले.

श्रीनिवासराव बघतच राहिले. "अहो, तुम्ही? कशासाठी?"

अप्पारावांनी टोपी काढली, हातात चुरगाळली. एवढ्या माणसांत त्यांचा आवाज कधी खाली गेला नव्हता. "घरावरनं वाट जावी म्हनून. पोरगी दिसंल म्हनून."

अमृतानं बापाकडं बघितलं. केस पांढरे झाले होते. श्रीनिवासराव म्हणाले, "मग मुलीची काय चूक? पहिला नंबर तिचाच."

"नाही, सर," अमृता म्हणाली. "नियम तो नियम. फितींची वाट माझी राहिलीय. ती पळून येते, मग बघू." कुणी काही म्हणायच्या आत ती उलटी डोंगराला लागली. बघा, ही पण काही कमी नव्हे!

शेवटच्या माणसामागून फिती सोडायच्या असतात, म्हणून अप्पारावही निघाले. ती बिब्याच्या झाडापाशी पोचून वस्तीकडं वळली, ते मागून फिती सोडत. तिचा पाय तसाच, दप्तर असताना होता तसा. ते पार मागं राहिले. ते दारात आले तेव्हा गोजरबाई खुर्चीवरून लेकीचा हात ओढत होत्या, रडत होत्या, "आत ये की गं!" आणि अमृता उंबऱ्याबाहेर उभी. डोळे भरलेले, पण पाय हलत नव्हता. ती बापाकडं बघत होती.

अप्पारावांनी तोंड उघडलं. ये म्हणायचं होतं. त्यांनी मुठीतल्या फितींतून एक काढली आणि दाराच्या कडीला बांधली.

"फीत जिकडं, तिकडं जायचं," ते कसंबसं म्हणाले. "नियम हाय."

अमृतानं बूट काढले आणि उंबरा चढून आत गेली.